समाविष्ट गावातला, सध्या मुक्काम रीडबर्ग

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एकच वाद पेटतो. या वेळी ठिणगी टाकली कोथरूडच्या आतेभावाने. "बाहेरून येणारे लोंढे थांबल्याशिवाय पुण्याचं काही खरं नाही. आधी खेडी सुधारा." खाली अंगठ्यांची रांग. लगेच गावात राहणाऱ्या चुलतभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा मेसेज: "लोंढ्यांचं राहू द्या, पहिलं आमचं गाव महापालिकेतून बाहेर काढा. ग्रामपंचायतच बरी होती." त्यालाही अंगठे, आणि त्यातले बरेचसे मघाच्याच लोकांचे! कँटीनमध्ये जेवता जेवता हे वाचलं आणि डोकं फिरलं.

आमचं गाव सिंहगड रस्त्याला, धायरीच्या पुढे. 2017 साली महापालिकेने 11 गावं घेतली, 2021 च्या जूनअखेर आणखी 23, आणि या दुसऱ्या खेपेत आम्ही गेलो. पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईच्याही पुढे गेली, याचं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. मी राहतो ते जर्मनीतलं अख्खं फ्रँकफर्ट त्याच्या निम्म्यात बसतं. पुढच्याच वर्षी, मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे आमचं गाव शहरात आलं तेव्हा सरपंच गेला होता आणि नगरसेवक यायचा होता. मिळकतकराची बिलं मात्र वेळेवर आली. दादा चिडतो ते मला कळतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी तर भांडून वेगळी नगरपरिषद करून घेतली, तेव्हापासून आमच्याकडेही तेच वारं आहे.

पण लोंढे?

आतेभाऊ राहतो ते कोथरूड गावच होतं. एरंडवणं गाव होतं. शिवाजीनगर म्हणजे भांबुर्डे, तेही गाव. तिथेही कुणीतरी बाहेरूनच राहायला आलं, त्यांची नातवंडं आज 'मूळचे पुणेकर' म्हणून इतरांना दारं लावतात. फरक एवढाच की एरंडवणं-शिवाजीनगर भागात तेव्हा टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम झाल्या. शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, त्यातून रस्ते, मैदान, शाळेची जागा काढायची, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी प्लॉट पाडून ज्याची त्याला परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, पण रस्त्यावर येते, भाव वाढतो. यासाठीचा मुंबई प्रांताचा कायदा 1915 चा, आणि त्यामागची कल्पना जर्मनीतून आली होती. खुद्द फ्रँकफर्टातून म्हटलं तरी चालेल, कारण जमिनी एकत्र करून फेरवाटप करण्याचा कायदा इथले महापौर फ्रान्त्स आडिकेस यांच्या खटपटीने 1902 ला झाला. त्यांच्या नावाच्या आडिकेसआलेवरून मी कितीदा सायकलवर गेलो असेन. हे ग्रुपवर लिहिलं तर आतेभावाने हात जोडलेले पाठवले. ते कौतुकाने की वैतागून, कळलं नाही.

मी राहतो तो फ्रँकफर्टचा रीडबर्ग भाग म्हणजे 1997 पर्यंत शेतं. महापालिकेने ठरवलं, इथे वस्ती करायची. आधी नकाशा, मग ड्रेनेज, मग रस्ते, किटा (म्हणजे पाळणाघर-बालवाडी), शाळा, मग माणसं. जमिनीचा भाव वाढेल त्यातूनच या सगळ्याचा खर्च काढायचा. हे मी दादाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ऊ-बान, म्हणजे इथली मेट्रो, 2010 च्या डिसेंबरात आली, म्हणजे पहिली कुटुंबं राहायला आल्यावर कितीतरी वर्षांनी, तेवढं सांगायचं टाळलं.

आता आमच्या गावातला रस्ता सांगतो. आमच्या आजोबांच्या वावरातून जाणारी पायवाट होती, बैलगाडी जेमतेम जायची. नव्वदीनंतर गुंठ्यांनी जमिनी विकल्या जायला लागल्या. तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी असल्यामुळे, तेव्हा गुंठाभर जमिनीचं स्वतंत्र खरेदीखत होत नव्हतं, म्हणून दहा-अकरा जण मिळून अकरा गुंठे घ्यायचे आणि सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर चढवायची. जागेवर कुणी चुना टाकून हद्द आखली, कुणी नुसता दगड पुरला. जायला-यायला प्रत्येकाने आपापल्या मनाने पाच-सहा फूट सोडले. एकाने सोडले, पण वरच्या मजल्याची गॅलरी त्यावर काढली. पुढच्याने जिनाच बाहेर घेतला. आज त्या बोळात दोन दुचाकी समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं. टँकर तोंडाशी थांबतो आणि तिथून पाइप ओढत नेतात. ड्रेनेज टाकायचं तर बोळ उकरायचा, आणि उकरला तर दोन्ही बाजूच्या भिंती राहतील का हा प्रश्न. हे सगळं महापालिका यायच्या आधीचं, दादा ज्या ग्रामपंचायतीच्या आठवणीने गहिवरतो तिच्याच काळातलं. पुढे 2001 ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला. कागद नियमित झाले, पण बोळ होता तेवढाच राहिला.

शहर असं होतं. माणसं आधी येतात, कागद वीस वर्षांनी. जनगणनेच्या हिशेबात पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची दाटी आणि तीन-चतुर्थांश पुरुष शेतीबाहेरच्या कामाला, एवढं जमलं की ते गाव शहरी धरतात. आमच्या गावाने या अटी कधीच्या पुऱ्या केल्या होत्या, तरी कारभार ग्रामसेवक आणि शिपायावर चालू होता. 2011 ला महाराष्ट्रातले 45 टक्के लोक शहरी होते. त्यानंतर मोजलेच नाहीत. ज्यांना मोजलंच नाही त्यांच्यासाठी पाण्याची लाइन कुठून येणार? लोंढे थांबवा म्हणणारा आणि गाव बाहेर काढा म्हणणारा, दोघांचं म्हणणं शेवटी एकच: ही माणसं इथे नाहीत असं समजू या.

याची किंमत 2025 च्या जानेवारीत दिसली. गिया-बारे सिंड्रोमची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची साथ आली ती नेमकी आमच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. बातम्यांत विहिरीच्या पाण्याचं नाव आलं. उशाला खडकवासल्याचं धरण, त्यातून बहुतेक पुण्याला पाणी, आणि धरणाच्या पायथ्याची माणसं विहिरीवर आणि टँकरवर. काकू रोज व्हिडिओ कॉलवर सांगायची, पाणी उकळूनच पितोय रे. मी इथे नळाचं पाणी ग्लासात भरून तिचं ऐकत बसायचो.

दादाचं उत्तर तयार असतं. "तुझ्या फ्रँकफर्टात माणसं किती? सात-साडेसात लाख? तेवढी आम्ही हडपसर-वाघोलीत कोंबू. आणि तुला भाड्याचं घर मिळायला किती दिवस लागले होते ते सांग जरा सगळ्यांना." लागले होते. शुफाचे (उधारी-कर्ज नीट फेडतो याचे) कागद, पगाराच्या स्लिपा आणि एक गोड पत्र घेऊन मी दारोदार फिरलोय. जागा बघायला रांग जिन्यापर्यंत. शेवटी मिळाली ती एका मराठी जोडप्याने सोडलेली. भाड्यावरचा नेबनकोस्टन, म्हणजे हीटिंग-पाणी-देखभालीचा खर्च, ऐकून बायको म्हणाली होती, एवढ्यात आपल्याकडे हप्ता जातो. आणि इथले लोक काही आभाळातून पडलेले नाहीत. ए-5 महामार्गाच्या कडेला शेतांवर नवी वस्ती उभारायची म्हटल्यावर आजूबाजूच्या गावांनी गहजब केला. आमच्या शेजारच्या बाई, ज्या स्वतः रीडबर्गच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्या आहेत, मला म्हणाल्या की आता शेतं राहायला हवीत, शहर भरलं. मी मान डोलावली. कोथरूड इथपर्यंत पोचलंय, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगणार.

तरीही खेड्यात राहा म्हणून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. आजी हंडा घेऊन ओढ्यावर जायची. आमची ताई अकरावीला गेली ती शहराची पीएमटी बस गावापर्यंत यायला लागली म्हणून. वडाच्या पाराशी कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे आमच्या गावात न सांगता ठरलेलं होतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते ठरवता येत नाही (वॉचमन ठेवताना आडनाव विचारतात, ते वेगळं). बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याबद्दल जे कडक शब्द वापरले, ते काही उगीच नव्हते. खेड्याच्या साधेपणाचं कौतुक मला तरी बहुतेक वेळा टेकडीच्या बाजूला बाल्कनी असलेल्या माणसांकडूनच ऐकायला मिळालं.

आणि माझ्या तोंडी हे शोभतं का, असं दादाने परवा स्पष्टच विचारलं. मी इथे आलो ते दोन गुंठे विकून. मास्टर्सच्या व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे पैसे त्यातूनच उभे राहिले. त्या दोन गुंठ्यांवर आज तळमजला अधिक चार आहे, आणि बोळात गॅलरी काढलेली इमारत ती हीच. घेणाऱ्याने काढली, आम्ही विकताना रस्त्याला जागा सोडायची अट घातली नव्हती. म्हणजे मी ज्या बोळाचं रडगाणं गातो त्याच्याच पैशांवर आडिकेसआले बघितला.

मत माझं कुठेच पडत नाही. पालिकेच्या निवडणुकीत शेजारचा पोर्तुगीज मत देतो, तो युरोपियन युनियनचा. मी भारतीय पासपोर्टवाला, मी फक्त कर भरतो. तिकडे अनिवासी म्हणून यादीत नाव घालता येतं, पण मत टाकायला स्वतः जावं लागतं, आणि सुट्टी दिवाळीला जोडून घ्यायची की मतदानाला, यात मतदान कधी जिंकत नाही. ऑर्ट्सबायराटच्या, म्हणजे आमच्या भागाच्या स्थानिक समितीच्या, बैठकीला मात्र मी जातो. मागे बसतो, सायकल ट्रॅकवर तावातावाने बोलणाऱ्यांचं ऐकतो. एकदा बोलायला उठलोही, पण बोलताना क्रियापदाशी पोचेपर्यंत अध्यक्ष पुढच्या मुद्द्यावर गेले.

आता दादाला राहिलेल्या जागेवर बांधायचंय, या वेळी रीतसर, नकाशा पास करून. त्याने पुढचे दहा फूट रस्त्याला सोडायचं ठरवलंय, माझ्या लेक्चरांमुळे असं तो म्हणतो. त्यासाठी सातबाऱ्यावरची सगळी नावं त्याला एकाच्या नावावर हवीत. बाकीच्यांच्या सह्या झाल्या. माझं हक्कसोडपत्र राहिलंय. कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट घ्यायची, मुखत्यारपत्रावर शिक्का मारायचा आणि कुरियर करायचं, अर्ध्या दिवसाचं काम. हिस्सा म्हणाल तर पार्किंगला पुरेल एवढासुद्धा नाही, आणि मी तिथे राहायला जाणार नाही हे बायकोला, दादाला, सगळ्यांना माहीत आहे. दादाने दोनदा आठवण केली. एकदा कामाचं कारण सांगितलं, एकदा कॉन्सुलेटला सुट्टी असल्याचं. ती त्या दिवशी खरोखर होती.