मंजूर, मंजूर!

आमच्या नगरपालिकेच्या मागच्या सर्वसाधारण सभेतून मला बाहेर काढलं. मारामारी नाही, घोषणा नाहीत, काळा झेंडा नाही. प्रेक्षकांच्या बाकावरून मी फक्त एवढंच म्हणालो, "अहो, विषय वाचा तरी!" वरून आवाज आला, "कोण आहे तो? बाहेर घ्या त्याला." 'त्याला'! माझे पांढरे केस बघून 'त्यांना' म्हटलं असतं, तर काय घरपट्टी माफ करावी लागणार होती?

विषय चोवीस नंबरचा. विकास आराखड्यात आमच्या कॉलनीमागे बगीच्याचं आरक्षण आहे. तिथे आजवर बाभळी आणि बकऱ्यांखेरीज काही वाढलं नाही, ही गोष्ट वेगळी. ते आरक्षण उठवून व्यापारी संकुल बांधायचा प्रस्ताव होता. आधीच्या संकुलातले निम्मे गाळे शटर ओढून बसलेत, पण ते असो.

नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. सभा जनतेला खुली असते, असं तो म्हणतो. दारावरच्या शिपायापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

"काय काम आहे?"

"सभा ऐकायची आहे."

"ते समजलं. पण काम काय?"

शेवटी आत शिरलो, तर प्रेक्षकांच्या बाकांवर एकच प्रेक्षक. धोतर, टोपी, पाय वर घेतलेले, डोळे मिटलेले. हे अप्पा. मी टेकतोय तोच डोळे न उघडता म्हणाले, "पंखाखाले नका बसू भाऊ. एसी त्या कोपराले शे."

अप्पांचं घर पत्र्याचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा त्या पत्र्याखाली माणूस राहत नाही, भाजला जातो. गावात फुकटचा एसी दोनच ठिकाणी: एक पालिकेचं सभागृह, दुसरं बँकेचं एटीएम. मधली काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे. सूचना त्याचीच, मंजुरी त्याचीच. एका माणसाच्या सभेला सभागृह कशाला उघडायचं? ते सगळे उन्हाळे अप्पांनी एटीएममध्ये वॉचमनच्या शेजारी काढले. डिसेंबर २०२५ मध्ये एकदाची निवडणूक झाली, तेव्हा अप्पा पहाटेच रांगेत उभे होते. लोकशाहीची इतकी निकड मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही.

झोपेत ऐकून ऐकून त्यांना कामकाज पाठ झालंय. सूचक कोण असणार, अनुमोदक कोण, विरोधी गट कोणत्या विषयावर सभात्याग करून चहाला जाणार, सगळं आधी सांगतात. शिपाई कचोरीच्या बशा घेऊन आला. सभासदांना वाटून उरलेली एक त्याने अप्पांच्या हातावर ठेवली. मला नाही. मी नुसता करदाता.

सभा सुरू झाली. लिपिक म्हणे, "विषय क्रमांक एक," की पुढच्या रांगेतून, "मंजूर!" "विषय क्रमांक दो..." "मंजूर!" फवारणीचे पंप मंजूर, मोकाट कुत्री मंजूर. पुढे पुढे मंजुरी आधी आणि नंबर मागून येऊ लागला. मी विषयपत्रिकेवर बोट ठेवून पळत होतो. बोट अकरावर असताना अप्पांनी विचारलं, "तुम्हना कोणता विषय शे?"

"चोवीस."

"तो ते व्हई गया."

तेव्हा मी उठून ओरडलो.

जळगावला महापालिकेची सतरा मजली इमारत आहे. धुळ्यात तर १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने सरळ रुंद रस्ते आखून पेठ वसवली, आणि आजही तिथे गल्ल्या नंबराने ओळखतात. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने दोरी लावून रस्ते आखले, आणि आमच्याकडे मंजूर आराखड्यातला रस्ता पुढच्या पाहणीला एखाद्याच्या ओट्यात निघतो. हे मी त्या शिपायाला सांगत होतो, तो माझं कोपर धरून जिन्यावरून उतरत असताना. तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब, पायरी बघा."

बाहेर वडाखाली बसलो. सभा संपल्यावर अप्पा आले, ताजेतवाने. माझ्याकडे बघून हळहळले. "तुम्ही जागा ऱ्हातस ना भाऊ, म्हणीसन तुम्हले तरास व्हस."

मी हसलो खरा. पण मग इतिवृत्ताची नक्कल मागवली. त्यात विषय चोवीसपुढे लिहिलंय: साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. कोणी केली चर्चा? त्या सभागृहात त्या विषयावर बोललेला एकमेव माणूस मी, आणि मी जिन्यात होतो! माझा उल्लेख कुठेही नाही. 'एका नागरिकाने व्यत्यय आणला' एवढं तरी लिहायचं.

आता १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम ३७ प्रमाणे नोटीस निघाली आहे: एक महिन्यात हरकती द्या. मग सुनावणी, मग प्रस्ताव सरकारकडे. हरकत घेऊन आवक खिडकीवर गेलो. बाईंनी कागद उलटसुलट केला.

"बगीच्याला लागून प्लॉट आहे का तुमचा?"

"नाही."

"जागा तुमची होती?"

"नाही."

"मग तुमचं काय जातंय, काका?"

तरीही शिक्का मारून घेतला. सुनावणी पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, बांधकाम विभागाच्या मागच्या खोलीत. अप्पांना म्हटलं, चला सोबतीला. त्यांनी आधी एसीचं विचारलं. नाहीये म्हटल्यावर म्हणाले, "तुम्ही जाई या."