त्या एका हातामुळे कब्स हरले नाहीत

ऑक्टोबर आला, बेसबॉलचे प्लेऑफ सुरू झाले की एक पोस्ट हमखास फिरू लागते. एका प्रेक्षकाने शिकागो कब्सची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम लढत, गाठायची संधी घालवली, असा तिचा दावा असतो. सोबत काही सेकंदांची क्लिप: 14 ऑक्टोबर 2003, कब्सचं घरचं मैदान रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या नॅशनल लीग अंतिम सिरीजचा सहावा सामना. डावीकडे उंच उडालेला फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला, पण झेलता येणारा चेंडू), कठड्याशी उडी मारणारा कब्सचा फिल्डर मॉइझेस अलू, आणि त्याच्या ग्लोव्हआधी चेंडूला लागलेला प्रेक्षकाचा हात. मी कब्सचाच चाहता. तो पराभव माझ्याही जिव्हारी लागलेला आहे, आणि म्हणूनच ही पोस्ट मला सहन होत नाही.

'झेल झाला असता तर सामना खिशात होता,' हा तिचा पहिला मुद्दा. नऊपैकी आठवी इनिंग चालू होती, आणि एका इनिंगमध्ये तीन जण बाद करावे लागतात. कब्स 3-0 ने पुढे होते आणि त्या इनिंगमध्ये फ्लोरिडा मार्लिन्सचा एकच बॅटर बाद झाला होता. अलूने झेल घेतला असता तरी तो दुसरा बाद. सामना संपायला आणखी चार जण बाद व्हायला हवे होते.

'त्याने खेळात ढवळाढवळ केली.' डाव्या रेषेवरचे पंच माइक एव्हरिट यांनी तेव्हाच निर्णय दिला: ढवळाढवळ झालेली नाही. प्रेक्षकाने मैदानात हात घातला तर ती ढवळाढवळ होते. चेंडू कठडा ओलांडून प्रेक्षकांच्या बाजूला आला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. शिवाय हात काही एकाचाच गेला नव्हता. क्लिप थांबवून बघा, शेजारचेही त्याच चेंडूकडे झेपावले आहेत. आपल्या दिशेने येणाऱ्या चेंडूकडे बघत असताना खालून कोण धावत येतंय हे त्यांच्यापैकी कुणाला दिसणार?

'तिथूनच सगळं कोसळलं.' हा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण क्लिप नेमकी तिथेच कापलेली असते. पुढचं बघा. बॅटर लुइस कास्तियो अजून खेळत होता. कब्सचा पिचर मार्क प्रायर याने त्याला वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला, आणि तो चौथा बॉल इतका बाहेर गेला की दुसऱ्या बेसवरचा हुआन पिएर तिसऱ्यावर पोचला. मग इव्हान रॉड्रिगेझ. त्याच्यावर दोन स्ट्राइक झाले होते, तिसऱ्यावर तो बादच झाला असता, तरी त्याने सिंगल (एका बेसचा फटका) मारला. 3-1.

आणि आता ज्याच्याबद्दल ही पोस्ट अवाक्षर काढत नाही तो चेंडू. मिगेल काब्रेराचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला चेंडू, सरळ कब्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) अॅलेक्स गोन्झालेझकडे आला. गोन्झालेझ भरवशाचा फिल्डर. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला असता तर डबल प्ले होऊन (एकाच चेंडूवर दोघे बाद) तिथेच इनिंग संपू शकली असती आणि कब्स 3-1 ने पुढेच राहिले असते. तो ग्लोव्हला लागून निसटला. तिन्ही बेस भरले. डेरेक लीच्या डबलवर (दोन बेसच्या फटक्यावर) दोन धावा निघून 3-3 अशी बरोबरी झाली, आणि त्यानंतर कुठे मॅनेजर डस्टी बेकर यांनी प्रायरला बदललं. प्रायरचे तोवर 119 चेंडू टाकून झाले होते. पुढे जेफ कोनाइनच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल गेला तरी धाव मिळवून देणाऱ्या फटक्यावर) मार्लिन्सने आघाडी घेतली, माइक मोर्डेकायच्या डबलवर आणखी तीन धावा निघाल्या, आणि इनिंग संपली तेव्हा फलक 8-3 होता. आठ धावा! यातला एकही चेंडू त्या प्रेक्षकाने टाकला नाही, एकही सोडला नाही.

गोन्झालेझला खलनायक करण्यासाठीही हे लिहीत नाही. खेळात चेंडू सुटतात.

'त्याच्यामुळे सिरीज गेली.' सातपैकी चार सामने जिंकणारा वर्ल्ड सिरीजमध्ये जाणार होता, आणि पहिल्या चार सामन्यांनंतर कब्स 3-1 ने पुढे होते. पाचव्या सामन्यात मार्लिन्सचा पिचर जॉश बेकेट याने त्यांना दोनच हिट दिले आणि मार्लिन्स 4-0 ने जिंकले. त्या सामन्याचं खापर कुणाच्या माथी फोडणार? सहाव्यानंतर दुसऱ्याच दिवशी, घरच्याच मैदानावर, सातवा सामना होता. काब्रेराने पहिल्याच इनिंगमध्ये तीन धावांचा होमर (चेंडू मैदानाबाहेर पाठवणारा फटका) ठोकला. कब्सचा पिचर केरी वूड याने स्वतः होमर मारून 3-3 केलं, मग अलूच्या होमरने कब्स 5-3 ने पुढे गेले. म्हणजे आदल्या रात्रीचं सगळं पुसायची पूर्ण संधी हातात होती. पाचव्या इनिंगमध्ये मार्लिन्सने पुन्हा आघाडी घेतली आणि 9-6 ने जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी न्यूयॉर्क यांकीजनाही हरवलं. चांगला संघ होता तो, हे मान्य करायला आपल्याला इतकं जड का जातं?

1945 मध्ये एका चाहत्याच्या बोकडाला मैदानाबाहेर काढलं म्हणून कब्सला लागल्याचं सांगतात त्या शापाचं तर उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही.

शेवटचा मुद्दा मात्र गंभीर आहे. '1908 पासून विजेतेपद नाही, इतकी वर्षं सोसलेले लोक चिडणारच.' चिडणं मला समजतं. त्या रात्री माझ्यासारख्या कुणालाही झोप लागली नसणार. पण लोकांनी त्याच्यावर बिअर फेकली, शिव्या घातल्या, सुरक्षारक्षकांना त्याला बाहेर न्यावं लागलं आणि त्याच्या घराबाहेर पोलीस ठेवावे लागले. तो कानाला हेडफोन लावून सामन्याचं वर्णन ऐकत बसलेला कब्सचाच चाहता होता. त्याचंही तेच स्वप्न मोडलं होतं, तरी माफी मागितली त्याने. सामना मैदानात ठरतो, प्रेक्षकांत नाही, हे खुद्द क्लबनेही सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. तो चेंडू पुढे लिलावात 1,13,824 डॉलरला गेला आणि 2004 मध्ये समारंभपूर्वक स्फोटात उडवण्यात आला. याला दुःख पचवणं म्हणत नाहीत. आपलं दुःख दुसऱ्याच्या पाठीवर लादून आपण मोकळे झालो.

2016 मध्ये कब्स जिंकले. 2017 मध्ये क्लबने त्याला विजेतेपदाची अंगठी दिली. ती स्वीकारताना त्याने, लोकांच्या खासगी आयुष्याचा आदर करा, असं आवाहन केलं. तुमच्या पोस्टमध्ये त्याचा फोटो आणि पूर्ण नाव आहे. निदान तेवढं काढा.