करवीरवासी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

करवीरवासी यांस,

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ मध्ये डॅलसला झालेल्या खुनाबद्दल, त्यांच्यामागून अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्या मनात काय होतं, या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा सौ.ना वाचून दाखवताना. त्या म्हणाल्या, "उत्तर देऊ नका, तुमचं बीपी वाढतं." तरी देतोय.

आधी माझं जे चुकलं ते. खुनाच्या चौकशीसाठी जॉन्सन यांनी नेमलेल्या वॉरन आयोगाचा अहवाल २६ खंडांचा, असं मी लिहिलं होतं. अहवाल एकच, ८८८ पानांचा. तो २४ सप्टेंबर १९६४ रोजी जॉन्सन यांच्या हाती गेला. २६ खंड आहेत ते साक्षींचे आणि पुराव्यांचे, ते नोव्हेंबरात आले. आपण दाखवून दिलंत, मी दुरुस्त केलं, आभारी आहे. चूक दाखवणाऱ्यावर मी कधी डाफरलेलो नाही, इथले जुने वाचक साक्षीला आहेत.

पण आपल्याला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "रंकाळ्याच्या कठड्यावर शेंगा खात डॅलसच्या खुनाचा छडा लावणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत." हे वाक्य कशासाठी? हो, मी बसतो कठड्यावर. रोज संध्याकाळी बसतो. शेंगा खात नाही, कारण दाढा राहिल्या नाहीत. आणि डॅलसवर लिहायला डॅलसला जन्मावं लागत असेल, तर आपणही नावावरून टेक्सासचे वाटत नाही.

छडा लावला असं मी लिहिलं तरी कुठं? आयोगानं एकटा खुनी ठरवलेला ऑस्वल्ड निर्दोष होता, असं एक वाक्य माझ्या लेखात दाखवा. लेखाचं म्हणणं एवढंच होतं, की ज्यानं आयोग नेमला आणि ज्यांनी अहवालावर सह्या केल्या, त्यांच्यातल्याच काहींना तो पुरता पटलेला नव्हता, आणि त्यांनी ते चार भिंतींच्या आत बोलून दाखवलं होतं. आता यावरचं आपलं लाडकं वाक्य घेतो: "खासगीत बोललेल्या शब्दाला पुराव्याची किंमत नसते, राजकारणी समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतो."

काहीही?

१८ सप्टेंबर १९६४. आयोगाची शेवटची मोठी बैठक झाली होती. आयोगाचे सदस्य, जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल आणि जॉन्सन यांचं त्याच संध्याकाळी फोनवर बोलणं झालं. केनेडींच्या मानेतून गेलेली गोळीच गाडीत पुढं बसलेल्या टेक्सासच्या गव्हर्नर कॉनलींना लागली, असं आयोगाचं मत आहे, पण मला ते पटत नाही, असं रसेल म्हणाले. (गोळ्या वेगळ्या असतील तर बंदूक चालवणारा दुसराही असू शकतो, म्हणून हा मुद्दा कळीचा.) जॉन्सन म्हणाले, मलाही नाही. फोन ध्वनिमुद्रित झालेला आहे, आज कुणालाही ऐकता येतो. आपण लिहिता, की त्याच्या आधी जॉन्सन यांनी "कुठली गोळी कॉनलींना लागली यानं काय फरक पडतो?" असं विचारलं होतं, म्हणजे ते नुसते होला हो मिळवत होते. असेल. जॉन्सन यांचं मी सोडून देतो. रसेल यांचं काय? ते कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत होते? सिनेटमध्ये जॉन्सन यांना हाताशी धरून वर आणलं ते त्यांनी. आयोगावर जायला ते तयार नव्हते. २९ नोव्हेंबर १९६३ ला जॉन्सन यांनी त्यांचं नाव परस्पर जाहीर करून टाकलं आणि मग फोन केला. अशा माणसाला कुणाची मर्जी राखायची होती?

आणि त्या दिवशी बैठकीत काय चाललं होतं ते बघा. एकाच गोळीनं दोघं जखमी झाले, या पुराव्याला विशेषण कुठलं लावायचं यावर घासाघीस. आयोगाचे दुसरे एक सदस्य फोर्ड यांना "मान्य करायलाच लावणारा" हवा होता, रसेल नुसता "विश्वासार्ह" म्हणायला तयार होते, शेवटी तिसरे सदस्य मॅक्लॉय यांनी "पटण्याजोगा" सुचवला आणि तोच राहिला. जोडीला एक वाक्य घातलं: कॉनली यांची साक्ष आणि इतर काही बाबींमुळे या शक्यतेबद्दल थोडी मतभिन्नता आहे, पण सगळ्या गोळ्या ऑस्वल्ड कामाला होता त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतूनच झाडल्या गेल्या याबद्दल एकाही सदस्याच्या मनात शंका नाही. रसेल यांना आपला आक्षेप नोंदला जाईल असं वाटत होतं. त्या बैठकीचं शब्दशः टिपण ठेवलंच गेलं नाही. इतिवृत्तात आक्षेपाचा मागमूस नाही. सात सह्या, एकमत.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा का येतो ते सांगतो, मग मला कठड्यावरचा म्हणा. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या चौकशी समितीवर मी होतो. पाच सदस्य. ठेवीदारांत विधवा होत्या, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. एका कर्जप्रकरणात जामीनदाराच्या सह्या मला सरळ खोट्या वाटत होत्या. बैठकीत तीन तास वाद झाला तो कशावर? "अपहार आढळून येत नाही" लिहायचं, की "सकृतदर्शनी अपहार आढळून येत नाही". मी म्हणालो, माझी वेगळी टिपणी जोडा. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, एकमतानं गेलं तर लोकांचा विश्वास राहील, नाहीतर उद्या सकाळी दारात ठेवीदारांची रांग लागेल." त्यांचंही खोटं नव्हतं. "सकृतदर्शनी" राहू दिलं आणि मी सही केली. इतिवृत्तात माझं नाव आहे, माझी शंका नाही. त्याच संध्याकाळी गंगावेशीत एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही केलीस न्हवं? मग आता गप बस."

आता सांगा, माझं खरं मत कुठं आहे? कागदावर की गंगावेशीत? तुमच्या हिशेबानं कागदावर. कारण गंगावेशीतलं "खासगी" होतं! बाहेर बोलायला किंमत मोजावी लागते म्हणून तर माणूस आत बोलतो. एवढं ज्याला कळत नाही त्यानं कधी कुठल्या समितीवर काम केलेलं नाही, असंच मी समजतो. हे कडक झालं, पण सुरुवात तुम्ही केलीत.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. रसेल फार थोड्या सुनावण्यांना हजर होते, सातांत सर्वांत कमी, असं आपण म्हणता. बरोबर आहे. सिनेटचं काम होतं, ते रात्री साक्षी वाचत. जॉन्सन यांची शंका क्युबाच्या कॅस्ट्रोवर होती, गोळीवर नव्हती, हा आपला दुसरा मुद्दा. मीही तेच लिहिलंय, दुसऱ्यांदा वाचा. १९६९ मध्ये टीव्हीचे पत्रकार वॉल्टर क्रॉंकाइट यांनी घेतलेल्या मुलाखतीत परदेशी हात असावा ही शंका आपल्या मनातून कधी पूर्ण गेली नाही असं ते बोलून गेले आणि मग राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन तो भाग काढायला लावला. तो भाग लोकांनी पाहिला १९७५ मध्ये, जॉन्सन जाऊन दोन वर्षं झाली होती. माणूस आपलेच शब्द कापून घेतो ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून? १९७९ च्या अमेरिकी लोकप्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीनं एकाच गोळीचा सिद्धान्त मान्य केला, हे आपण ठळक अक्षरांत टाकलंय. त्याच समितीनं बहुधा कट होता असंही म्हटलं, ते मात्र बारीक अक्षरांतसुद्धा नाही. (तो निष्कर्ष ज्या ध्वनिमुद्रणावर उभा होता ते १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी खोडून काढलं, हे मला ठाऊक आहे. लिहायला बसू नका.)

"या विषयात लेखकाचा अभ्यास किती?" हे विचारलंच आहे तर: डॅलसमध्ये दुपारी साडेबारा वाजता गोळ्या सुटल्या तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र होती. सकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी रेडिओवर बातमी लागली आणि वडिलांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचतोय. पदवी नाही माझ्याकडं, कबूल.

राहता राहिला कॉनली यांच्या आसनाचा मुद्दा. ते केनेडींच्या बरोबर पुढं नव्हते, जरा खाली आणि आतल्या बाजूला, दुमडत्या आसनावर बसले होते, त्यामुळं गोळीची रेषा सरळ जुळते, असं आपण लिहिलंय आणि आकृती काढून पाठवलीय. ती मोबाइलवर नीट दिसत नाही. मुलाला मोठी छापून आणायला सांगितलंय. बघून सांगतो.