तापी हे नाव मुलीला का नको?

माझ्या भावाच्या मुलीचं नाव आम्ही तापी ठेवलं. बारसं होऊन गेलं तरी फोन चालूच आहेत. "घरात हाक मारायला ठीक आहे, पण कागदावर दुसरं काहीतरी असेल ना?" "शाळेत पोरं चिडवतील." "अजून वेळ गेलेली नाही, विचार करा." सगळी आपलीच माणसं आहेत, काळजीनेच बोलतात. पण प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. मी तिची आत्या, आमच्या खानदेशी बोलीत फुई. पाळण्यापाशी हे नाव तिच्या कानात मीच सांगितलंय, तेव्हा उत्तर देणंही माझ्याकडेच आलं.

"आंडेरले नदीनं नाव ठेवतस का व माय?" म्हणजे, मुलीला नदीचं नाव ठेवतात का गं बाई, असं गल्लीतल्या एक मावशी पेढा हातात धरून म्हणाल्या. हा समज त्यांच्या मनाचा नाही, फार जुना आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नववा श्लोक आहे: नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. महाराष्ट्राने हा नियम कधी पाळला नाही. रोहिणी, रेवती, तुळसा, चंपा, मैना, गंगा, गोदावरी आपल्या घराघरात नांदल्या, लेकराबाळांच्या आया झाल्या, आज्या झाल्या. तरी मुलीला नापसंत करायला तिचं नावही कारण म्हणून पुरेल असं कोणीतरी एकदा लिहून ठेवलं आणि ते अजून पेढ्याबरोबर निघतं, हे मला फार लागतं.

शिवाय तापी खानदेशाला नवी आहे का? जुन्या पिढीत तापीबाई नावाच्या आज्या होत्या. तुमच्याही नात्यात शोधा, एखादी सापडेल. मग मधल्या काळात आपल्याला ही नावं गावंढळ वाटायला लागली. आज ज्या नावाला लोक 'काहीतरीच' म्हणतात, ते पन्नास वर्षांपूर्वी शेतात कोणालाही हाक मारण्याजोगं होतं.

नदीविषयी थोडं सांगते, कारण काठावर राहूनही आपण पोरांना हे सांगत नाही. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला ती उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. कृष्णा-गोदावरी पूर्वेला जातात, ही नर्मदेसारखी पश्चिमेला. चांगदेवला पूर्णा तिला भेटते. नंदुरबारकडचं प्रकाशा तिच्याच काठी, ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो. पुराणात ती सूर्याची मुलगी. महाभारताच्या आदिपर्वात तिची गोष्ट आहे, तिथे तिचं नाव तपती: ती राजा संवरणाची राणी झाली, तिचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव आणि पांडव दोघंही तिच्या वंशातले. गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणतो, तेव्हा असं का म्हटलंस म्हणून अर्जुन विचारतो आणि मग ही सगळी कथा येते. नावात 'ताप' आहे म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आणि पुराण बाजूला ठेवा. शिरपूरकडे जाणारी एसटी सावळद्याच्या पुलावर आली की काय होतं ते बघा. खिडकीशी बसलेली म्हातारी बोलता बोलता थांबते, डोक्यावरचा पदर सारखा करते, हात जोडते. कोणी कमरेच्या पिशवीतून नाणं काढून खिडकीतून खाली सोडतं. "जय तापीमाय." पूल संपला की अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू. ज्या नावापुढे अख्खी एसटी हात जोडते, त्या नावाने मुलीला शाळेत लाज का वाटावी?

वेगळ्या नावांचा खानदेशाला इतिहास आहे. उखर्डू, दगडू, धोंडू, भिका, फकिरा. ही नावं ऐकून आजची मुलं हसतात. पण उखर्डू कोण? ज्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून ज्याला उकिरड्यावर लोळवून घरात घेतलं तो. भिका म्हणजे भीक म्हणून मागून घेतलेला. मरणाची नजर पोरावर जाऊ नये म्हणून आईने मुद्दाम टाकाऊ नाव ठेवलं. त्या नावात तिची सगळी धास्ती आणि सगळी माया आहे. नातवांनी लग्नपत्रिकेत आजोबांच्या 'उखर्डू'चं 'उदय' करू नये, एवढी माझी कळकळ आहे.

याच्या अगदी उलट नकुशी. ते नावही वेगळंच, पण ते ठेवताना 'हिच्यानंतर तरी मुलगा होऊ दे' एवढंच मनात असतं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं दिली गेली, तो कार्यक्रम व्हायलाच हवा होता. मुलाला ओंगळ नाव तो जगावा म्हणून, मुलीला ओंगळ नाव ती नको होती म्हणून. कुठलंही विचित्र नाव कानावर आलं की मी आधी हेच बघते, ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं.

नव्या नावांनाही मी नावं ठेवणार नाही. रियांश, कियान, अद्विक, आईबापांनी हौसेनेच ठेवलेत. फक्त मोबाईलवर शोधून 'युनिक' म्हणून ठेवलेलं नाव त्याच वर्षी शंभर घरांत ठेवलं जातं आणि आजीला ते धड उच्चारता येत नाही, याचं वाईट वाटतं. गुरुजींनी आमच्या बाळाला हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर काढून दिलं: ण. नक्षत्रावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात ते खरंच आहे. ण वरून नाव कुठून आणायचं? ते पत्रिकेत राहू दिलं. आमच्या आईला एका श्वासात, ओट्यावरून अंगणापर्यंत पोचेल अशी हाक मारता आली पाहिजे, एवढीच आमची अट होती.

कागदपत्रांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, बाळाचं नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे घाईने कसलंही नाव लिहून टाकायची गरज नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आम्ही पूर्ण नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, छान वाटतं. इंग्रजी स्पेलिंग घरात बसून एकच ठरवलं, कारण दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढे हेलपाटे लेकरालाच पडतात.

शाळेत चिडवतील का? चिडवतील कदाचित. पोरं सचिनलाही चिडवतात. तिला आदिपर्वातली गोष्ट सांगायला मी आहे, आणि आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीच्या जन्मदिवशी, आम्ही तिला प्रकाशाला नेणार आहोत. दाखला निघालाय, त्यावर तापीच आहे, दुसरं नाव नाही.