राज्यशास्त्र ऑप्शनला टाकू नका

‘राज्यशास्त्र ऑप्शनला टाक, इतिहासात मार्क कव्हर होतात.’ दहावीच्या मुलांना हा सल्ला देणारे क्लासवाले, पालक आणि आमच्यातलेही काही शिक्षक, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला सामाजिक शास्त्रं शिकवते. ज्यांना सवय राहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: इतिहास-राज्यशास्त्राचा ४० गुणांचा एक पेपर, भूगोलाचा ४० गुणांचा दुसरा, वर २० अंतर्गत. त्यातल्या पहिल्या पेपरात मोठा वाटा इतिहासाचा. राज्यशास्त्र येतं शेवटच्या काही प्रश्नांत: योग्य पर्याय, ‘चूक की बरोबर ते सकारण सांगा’, संकल्पनाचित्र, एखादी संकल्पना स्पष्ट करा. त्यामुळे हिशोब करायला बसलं की सगळ्यात आधी तेच कापलं जातं. जानेवारीत गणिताला जादा तास हवे झाले की तेही आमच्याच विषयातून जातात.

आता पुस्तकातली राज्यशास्त्राची पाच प्रकरणं बघा. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने. दहावीनंतर मूल सायन्सला गेलं, कॉमर्सला गेलं, आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेलं, की हे विषय शिकवायला त्याच्यासमोर पुन्हा कुणी उभं राहत नाही. इंजिनिअर, डॉक्टर, सीए, इलेक्ट्रिशियन होणाऱ्या बहुतेक मुलांचं नागरिक म्हणून शिक्षण इथेच संपतं, पंधराव्या-सोळाव्या वर्षी. १९८९ साली ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. म्हणजे वर्गातून बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षांत हीच मुलं रांगेत उभी राहून मत देणार. आणि आपण त्यांना सांगतोय, हे सोडून दे.

पुस्तक वाईट आहे, असं म्हणून हात झटकायचीही सोय नाही. २०१८ला बदललेलं हे पुस्तक मला मनापासून आवडतं. इतिहासाचा पहिलाच धडा इतिहास लिहितात कसा, पुरावा कशाला म्हणतात, हे सांगतो. मोबाइलवर रोज कसले कसले ‘इतिहास’ येऊन पडत असताना याहून गरजेचा धडा कुठला? पण परीक्षेसाठी त्याचं काय होतं? आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? व्हॉल्टेअर. एक गुण. संपलं. आलेला मेसेज खरा की खोटा हे कसं तपासायचं, याला गुण नाहीत, म्हणून तो तास कुणी घेत नाही.

भूगोलाचंही तसंच. दहावीला भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवतात. आमच्या भागातल्या उसाच्या घरातल्या मुलांना उसाच्या उत्पादनात ब्राझील जगात पहिला आणि आपण दुसरे हे कळलं, की ती लगेच पुढचं विचारतात: तिथे पाणी कुठून येतं, कारखाने कोणाचे? त्या पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेट. कितीतरी शाळांत ती क्षेत्रभेट वहीतच होते. फळ्यावरून प्रश्नावली उतरवून घ्यायची आणि अहवाल गाइडमधून. २३ मार्च २०२०चा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, त्याबद्दल तक्रार नाही. पण भूगोल झाला नाही म्हणून मुलांचं काही राहिलं का, असं एकाही पालकाने मला विचारलं नाही, हे अजून मनाला लागतं.

मागे एकदा १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकल्यावर दहावीची मुलं घेऊन मी ग्रामसभेला गेले होते. समाजमंदिरात सतरंज्या टाकलेल्या, ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेले, माणसं मोजकीच. मुलं भिंतीला टेकून बसली. एका मुलीने हळूच विचारलं, ‘मॅडम, एवढीच माणसं आली तर ठराव होतो का?’ मी सांगितलं, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब. थोड्या वेळाने तसंच झालं, सभा तहकूब झाली. मग मी पुढचा नियम सांगितला, की तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. ती पटकन म्हणाली, ‘म्हणजे पुढच्या वेळी पाचजण आले तरी गावाचा ठराव होणार?’

हा प्रश्न कुठल्याही अपेक्षित प्रश्नसंचात सापडणार नाही. ग्रामपंचायत-ग्रामसभेला घटनेत स्थान देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीची टीप लिहिणारी मुलं पुष्कळ असतात. त्या दुरुस्तीने गावाच्या हातात काय दिलं आणि गाव ते कसं सोडून देतं, हे त्या मुलीने स्वतः बघितलं. शाळेत पोचेपर्यंत सगळी पोरं आपसात भांडत होती, की न येणाऱ्यांना दंड असावा की नसावा. मला एवढंच हवं होतं.

चळवळींच्या धड्यातही असंच करता येतं. ग्राहक चळवळ शिकवताना १९८६चा कायदा सांगायचा, त्याच्या जागी २०१९चा नवा आला तेही सांगायचं, आणि मग घरातलं एखादं बिल आणायला लावायचं. बिलावर काय काय छापलेलं असतं, तक्रार करायची झाली तर कुठे करायची, हे एका तासात होतं. खर्च शून्य.

नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलायचं काम सुरू आहे. माझी मागणी साधी आहे. राज्यशास्त्राला स्वतःचे, टाळता येणार नाहीत इतके गुण द्या. आणि अंतर्गत २० गुणांतले काही अशा प्रत्यक्ष बघितलेल्या, विचारलेल्या कामाला राखून ठेवा. मुलांनी लिहिलेला अहवाल मोडकातोडका असला तरी चालेल, त्यांचा स्वतःचा असू दे.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत गणित-विज्ञानाचं विचारून झालं की एवढं विचारा: राज्यशास्त्राची पाचही प्रकरणं वर्गात शिकवून झाली का? क्षेत्रभेट कुठे नेली होती? शिक्षकांना राग येणार नाही. उलट आमच्यातल्या पुष्कळांना हे कुणीतरी विचारावं असं वाटत असतं.

आणि शहरातल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे ग्रामसभा नाही, पण नगरपालिकेची, महापालिकेची सर्वसाधारण सभा असते. कुणी मुलांना तिथे प्रेक्षक म्हणून नेलं असेल, तर परवानगीसाठी अर्ज कुणाच्या नावे केला, किती मुलं आत सोडली, ते खाली सविस्तर लिहा. माझ्या एका मैत्रिणीला तिचा वर्ग घेऊन जायचंय.