गेलेला ओरखडा परत येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मशीन पॉलिश म्हणजे गाडीचा चांगला रंग घासून काढणं. तुमची काळी गाडी परत मिळाली तेव्हा चकाचक होती, दोन महिन्यांत जुने ओरखडे जसेच्या तसे वर आले, शिवाय मशीनने गोल-गोल रेघा पाडल्या. सीलंटचे, म्हणजे पॉलिशनंतर वर चढवलेल्या संरक्षक लेपाचे, पैसे तर पाण्यात. आणि गाडी पॉलिश करण्यावरच्या माझ्याच लेखातल्या शेवटच्या फोटोत दाराच्या हँडलखालचा लांब ओरखडा अजून दिसतोय, मग गाडी ‘पूर्ववत’ कसली झाली?

आधी परत आलेले ओरखडे. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रंगावरच्या पारदर्शक थरात, पडलेली खाच. मशीनने तिच्या आजूबाजूचा पृष्ठभाग खाचेच्या तळापर्यंत खाली आणला की खाच संपते. संपलेली खाच परत येणार कुठून? तुमचे ओरखडे त्याच जागी, त्याच आकारात दिसू लागले असतील, तर ते गेलेच नव्हते, बुजवलेले होते. बऱ्याच कंपाउंडमध्ये (घासायची जाड पेस्ट) आणि ग्लेझमध्ये (चमक आणणारा लेप) तेलं आणि फिलर, म्हणजे खाचा भरणारी द्रव्यं, असतात. ते खाचेत बसतात, प्रकाश विखुरायचा थांबतो आणि गाडी छान दिसते. पुढे शाम्पूच्या काही धुण्यांत आणि उन्हात ते निघून जातात. हे ओळखायला सोपं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने तो भाग पुसायचा आणि एकाच प्रखर टॉर्चच्या उजेडात तिरकं बघायचं. ओरखडे दिसले, तर ते बुजवलेलेच होते. गाडी ताब्यात घेण्याआधी, तुमच्यासमोर. यावर जो कुरकुर करेल त्याच्याकडे गाडी देऊ नका.

गोल रेघांचं मात्र मशीनवर ढकलू नका, निदान लगेच नको. धुताना-पुसताना पडलेले बारीक चरे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या उजेडात त्यातले ठरावीक कोनातलेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळिष्टकासारखं जाळं दिसतं. टॉर्च सरकवा, जाळंही सरकेल. मशीनचा दोष वेगळा दिसतो: रोटरी, म्हणजे पॅड एकाच अक्षावर गोल फिरवणारं मशीन, नीट न चालवल्यास उन्हात रुंद, धुरकट पट्टे दिसतात आणि तुम्ही चालाल तसे ते हलतात. कोरड्या फडक्याने रोज धूळ झटकत असाल, तर पहिल्या प्रकाराचा उगम तिथे आहे. (काळ्या रंगावर हे दिसतं, पांढऱ्यावर सहसा नाही, एवढाच फरक. चरे दोन्हीवर तेवढेच पडतात.)

आता ‘रंग घासून काढणं’. हो, घासूनच काढतो. प्रश्न किती, एवढाच आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून (रंगाखालचा थर) वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, म्हणजे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. त्यात क्लिअर कोट ४०-५० च्या आसपास. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने त्याच्या कितीतरी पट. रंगाला उन्हापासून वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत छतावर आणि बोनेटवर पापुद्रे सुटतात, आणि त्यावर पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

जाडी मोजायचं मीटरही इथे अर्धीच मदत करतं. ते पत्र्यावरची एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअर कोट किती ते सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर नेहमीचं मीटर चालतच नाही. एखाद्या दारावर आकडा ३०० आला, तर ते दार आधी रंगवून झालेलं आहे हे कळतं, तिथे किती घासावं हे नाही.

म्हणून मी आधी हातभर जागा टेपने आखून घेतो. सगळ्यात सौम्य पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, आधी हळू फिरवून पसरायचं, मग वेग वाढवून एकदा आडवं, एकदा उभं. पुसून टॉर्च मारायचा. भागलं नाही तरच एक पायरी वर. दाराच्या आणि बोनेटच्या कडांवर टेप लावतो, कारण तिथे थर मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब एका रेषेवर येतो.

तुम्ही पकडलेला हँडलखालचा ओरखडा मी मुद्दाम ठेवला आहे. त्यावरून नख फिरवलं की अडकत होतं. तो सपाट करायचा तर आजूबाजूचा बहुतेक क्लिअर कोट काढावा लागला असता. फक्त त्याच्या धारदार कडा गोलसर केल्या, त्यामुळे तो उजेडात पूर्वीसारखा पांढरा चमकत नाही. जवळून दिसतो, चार पावलांवरून नाही. मला हा सौदा पटतो. तुम्हाला पटला नाही, तर रंग भरून तेवढ्या जागी दुरुस्ती करणं हा मार्ग आहे. मशीन त्याचं उत्तर नव्हे.

सीलंटबद्दल तुमचा राग थोडा चुकीच्या जागी आहे. ते ओरखडे काढत नाही आणि नवे थांबवतही नाही. सिरॅमिक कोटिंग या कडक संरक्षक लेपाच्या बाटलीवरचं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, किल्ली त्याला भीक घालत नाही. अशा लेपाचं काम साधं: मळ घट्ट चिकटू न देणं, म्हणजे धुताना कमी घासावं लागतं. पॉलिमर सीलंट काही महिने टिकतं. पण ते स्वच्छ पृष्ठभागावरच धरतं. तुमच्या गाडीवर खाली तेलकट थर तसाच असेल, तर सीलंट त्या तेलाबरोबरच गेलं असणार. पैसे पाण्यात गेले म्हणता ते खरं, फक्त त्याचं कारण आधीच्या पायरीत असावं.

आता एक करा. गाडी धुऊन जुने ओरखडे पाण्याने ओले करा. ओलं असेपर्यंत जे दिसेनासे होतात ते बहुधा क्लिअर कोटमधले आहेत. पाण्यातही राखाडी किंवा पांढरी रेघ दिसत राहिली, तर ओरखडा खाली प्रायमरपर्यंत गेलाय. कुठल्या भागावर कोणते निघाले ते इथेच खाली लिहा, म्हणजे मशीन कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही ते नक्की सांगता येईल.