फोन आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे म्हणजे समुद्रात चालतो असं नाही!
मालवणच्या ग्रुपवर फिरतंय की आयपी ६८ वाला फोन घेऊन तारकर्लीला थेट पाण्यात उतरा, हाऊसिंग (फोनची पाणीबंद पेटी) लागत नाही, २४० एफपीएस (सेकंदाला २४० फ्रेम) स्लोमो झकास येतो. अहो प्लीज असं करू नका! आयपी ६८ ची टेस्ट गोड्या पाण्यात होते, आपल्या खाऱ्या पाण्यात नाही, चार्जिंगच्या पिनांवर मीठ बसलं की हिरवट गंज चढतो. शिवाय २४० एफपीएसला एका फ्रेमला जास्तीत जास्त १/२४० सेकंद उजेड मिळतो, त्यात पाणी गढूळ, लाल रंग काही मीटरवरच गायब, मग व्हिडिओ काळपट, दाणेदार येणारच. न्यायचाच तर ओ-रिंगवाली (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगची) हाऊसिंग आणि व्हिडिओ लाइट घ्या, रिंगवर वाळूचा कण काय, साधा केसही राहिला तरी पाणी आत शिरतं, म्हणून आधी रिकामी हाऊसिंग बादलीत बुडवून बघा.